जुन्या १२० फिल्म कॅमेऱ्यातला उजेड असा बंद केला

दादरच्या फुलबाजारात काढलेल्या रोलवर प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला पांढुरका पट्टा आला. झेंडूच्या टोपल्यांवर कोवळं ऊन, आणि त्यावर हा डाग! फार हळहळ वाटली. १२० या रुंद फिल्मच्या एका रोलवर ६×६ सेंटिमीटरचे फोटो मिळतात जेमतेम १२.

निगेटिव्ह उजेडात धरली. निगेटिव्हवर उजेड लागलेला भाग काळा दिसतो; हा काळपटपणा चौकट ओलांडून फिल्मच्या कडेपर्यंत गेला होता. भिंगातली चकाकी चौकटीतच थांबते, म्हणजे उजेड मागच्या झाकणातून शिरत होता. भिंग चित्र उलटं पाडतं, त्यामुळे फोटोतली उजवी बाजू म्हणजे कॅमेऱ्याची डावी.

तिथे झाकण बसतं त्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. मुंबईच्या दमट हवेत हा फोम लवकर विरघळतो. टूथपिकने तो हळूहळू खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या कापसाने खाच पुसली. थेंब शटरकडे जाता कामा नये, आणि भुगा आत राहिला तर तो फिल्मला चिकटतो. इथे अजिबात घाई करू नका. मग खाचेत काळी लोकर बसवली. जाड लोकर घेतली तर झाकण लागत नाही.

पुढचा रोल भर उन्हात क्रॉफर्ड मार्केटबाहेर काढला. कडा स्वच्छ आल्या. तरी रोल मी सावलीतच बदलते.