हाताचा केबल पुलर: घेताना काय बघायचं आणि वापरताना कुठे उभं राहायचं

केबल पुलर म्हणजे दांडा मारत मारत तारेचा दोर ड्रमवर (दोराच्या रिळावर) गुंडाळून जड वस्तू ओढायचं हाताचं यंत्र. तो घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टनाचा घेऊ? प्रश्न चुकीचा नाही पण नुसता पेटीवरचा आकडा बघून घेतला की फसायला होतं, कारण बऱ्याच पुलरवर जो टनाचा आकडा मोठ्ठ्या अक्षरात छापलेला असतो तो डबल लाइनचा असतो. म्हणजे सोबत जी छोटी पुली येते तिच्यातून दोर फिरवून दोराचं टोक परत पुलरच्या बॉडीला अडकवायचं, तेव्हा कुठे ती ओढ मिळते. तोच २ टनवाला पुलर सरळ एका दोरावर लावला की १ टनाचाच राहतो, आणि डबल केलात तर ओढ दुप्पट पण सरकणं निम्मं, ३ मीटर दोर असेल तर वस्तू जेमतेम दीड मीटरच हलणार आणि तेवढ्याच अंतराला दांडाही दुप्पट वेळा मारावा लागणार. म्हणून घेताना सरळ विचारायचं, सिंगल लाइनला किती? तो आकडा कुठेच लिहिलेला नसेल तर माझ्या मते तो पुलर तिथेच ठेवून द्यावा.

आता तुम्हाला ओढ लागणार किती हे काढू. इथे लोक वस्तूचं वजन धरतात आणि मग एकतर उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त राहतात. सपाट कडक जमिनीवर चाकं मोकळी फिरत असतील तर गाडी ओढायला वजनाचे काही टक्केच पुरतात, म्हणून तर दोन माणसं कार ढकलू शकतात. चढ आला की हिशोब बदलतो. १५ अंशाच्या चढावर फक्त चढाचाच भार वजनाच्या पाव हिश्श्याच्या थोडा वर जातो आणि ३० अंशाला बरोब्बर निम्मा. चिखलात चाकं रुतली असतील तर अंदाजाने अजून निम्मं वजन धरायचं, आणि गाडी पोटावर टेकलीच असेल तर निदान अख्खं वजन धरलेलं बरं. समजा गाडी १५०० किलोची आहे, १५ अंशाचा चढ आहे आणि चाकं चिखलात, तर चढाचे ३९० आणि चिखलाचे ७५० मिळून ११४० किलो झाले, म्हणजे तो २ टनवाला पुलर सिंगल लाइनवर आधीच संपला. अशा वेळी मोठा पुलर शोधायच्या आधी फावडं घ्या. चाकापुढचा चिखल काढून फळ्या सरकवल्या की लागणारी ओढ झपाट्याने कमी होते, आणि हे काम फुकटातलं आहे तरी कोणी करत नाही.

अजून एक गोष्ट ड्रमची. दांडा धरा ५० सेंटीमीटरचा आणि ड्रमच्या मध्यापासून दोर अडीच सेंटीमीटरवर, म्हणजे तुमच्या हाताचा जोर २० पट होतो, हाताने ४० किलोचा जोर लावला की दोरावर ८०० किलो (घर्षणात थोडं जातंच). दोर गुंडाळत गेला, थरावर थर चढले आणि तेच अंतर साडेतीन सेंटीमीटर झालं की २० पटचे १४ पट होतात आणि त्याच जोरात ५६० किलोच मिळतात. ओढता ओढता शेवटी दांडा जड लागायला लागतो त्याचं हे एक कारण, मशीन बिघडलेलं नसतं. म्हणून काम सुरू करतानाच दोर हवा तेवढा बाहेर काढून ठेवायचा, पण पूर्ण रिकामा ड्रम कधीच नाही, निदान तीन वेढे आत राहिलेच पाहिजेत. दोराचं आतलं टोक जिथे पकडलेलं असतं ती पकड भार घ्यायला बनवलेली नसते, भार वेढ्यांच्या घर्षणावर असतो.

आणि याच गणितामुळे दांड्याला पाइप घालून लांब करायचं नाही. ५० चा दांडा पाइप घालून १ मीटर झाला की तेच ४० किलो १६०० किलो होऊन दोरावर जातात, दोर, हुक, खटका (चाकाच्या दातात बसून भार धरणारा तुकडा) कोणाला विचारून नाही जात. काही पुलरचे दांडे तर मुद्दामच जास्त भार आला की वाकतील असे बनवलेले असतात, तो वाकणं हाच इशारा असतो. एका माणसाच्या हाताने दांडा हलत नसेल तर भार जास्त आहे, एवढं समजून थांबायचं. दुसऱ्या माणसाला दांड्याला लटकायला लावणं म्हणजे पाइपचाच भाऊ.

घेताना पुलर हातात घेऊन बघा, फोटोवर जाऊ नका. दांडा हळू हळू हलवा आणि रॅचेटच्या चाकाकडे (ड्रमला जोडलेल्या दातेरी चाकाकडे) नीट बघा, प्रत्येक दात आला की खटका पूर्ण खाली जाऊन दाताच्या बुडाशी बसला पाहिजे, टोकावर अडकून राहता कामा नये. खटके दोन असतात, एक दांड्याबरोबर फिरणारा आणि एक बॉडीवर भार धरून ठेवणारा, दोघांच्या स्प्रिंगा बोटाने दाबून सोडून बघा, मरगळलेली स्प्रिंग लगेच कळते. ड्रमच्या दोन्ही बाजूंना रॅचेटचं चाक असेल तर उत्तम, एकाच बाजूला असलेले पुलर भार आला की तिरके व्हायला बघतात. हुक घडीव पोलादाचे आणि तोंड बंद ठेवणारं स्प्रिंगचं लॅच असलेलेच घ्या. नुसता पातळ पत्रा वाकवून केलेली बॉडी असेल तर ती कुंपणाची तार ताणायला ठीक आहे, गाडी ओढायला नाही.

दोराऐवजी पट्ट्याचा पुलर पण मिळतो, हाताला मऊ, तुटला तरी तारेच्या दोरासारखा कापत येत नाही, पण धारदार कडेवर घासला की संपला आणि उन्हात वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून कमजोर होतो. लांबचं ओढायचं काम नेहमीचं असेल तर दोर आरपार जाणारं जबड्याचं मशीन बघा, साइटवर त्याला टिरफोरच म्हणतात. त्यात ड्रमच नसतो, दोन जबडे आळीपाळीने दोर पकडत पुढे सरकवतात, त्यामुळे दोर कितीही लांब चालतो आणि ओढ शेवटपर्यंत सारखी. जड असतं, महाग असतं, पण वेगळ्या लेव्हलचं काम आहे.

मात्र काहीही उचलायचं असेल तर केबल पुलर नको, साखळीचा लिव्हर होइस्ट किंवा चेन पुली ब्लॉक घ्या. कारण साधं आहे, होइस्टमध्ये भार ब्रेकच्या चकत्यांवर धरला जातो आणि इंच इंच खाली सोडता येतो, पुलरमध्ये अख्खा भार एका खटक्याच्या टोकावर असतो, तो सटकला तर मध्ये अडवणारं काहीच नाही. इंजिन टांगून खाली हात घालून काम करणारे बघितलेत की अंगावर काटा येतो. माणूस उचलायचा तर प्रश्नच नाही.

वापरायच्या आधी दर वेळी दोर पूर्ण बाहेर काढून एक जुनं फडकं धरून दोरावरून ओढा. तुटलेली तार असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो, डोळ्याला न दिसणारं असं सापडतं (उघड्या हाताने हे करू नका, तुटक्या तारेचं टोक सुईसारखं असतं). एखादी तार तुटलेली, पेड सुटून पिंजऱ्यासारखे फुगलेले, दोर दबून चपटा झालेला, घडी पडून मोडलेला, आत गंज धरलेला, यातलं काहीही दिसलं की दोर बदलायचा. घडी सरळ केली म्हणजे दोर बरा होत नाही, तिथल्या तारा एकदा मोडल्या त्या मोडल्या. आणि तुटलेला दोर क्लिपा लावून जोडायचा जुगाड पुलरवर नको, ती गाठ ड्रमवर बसत पण नाही. हुकाचं तोंड नवीन असताना मोजून कुठेतरी लिहून ठेवा, नंतर ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त उघडलेलं किंवा हुक जराही पिळलेला दिसला तर तो हुक गेला. ठोकून परत बंद करणारे महाभाग असतात, ते करू नका.

मग अँकर, म्हणजे पुलरचं टोक ज्याला अडकवायचं ती पक्की वस्तू. पुलर दोन्ही टोकांना सारखाच ओढतो, त्यामुळे मागचं टोक कशाला अडकवलंय हे पुढच्या इतकंच महत्त्वाचं. झाड असेल तर जाड, जिवंत, मुळं पक्की असलेलं, आणि रुंद पट्टा बुंध्याला अगदी खाली बांधायचा, वर बांधला की झाडच तरफ होऊन हलायला लागतं. तारेचा दोर झाडाला गुंडाळून त्याच दोरावर हुक अडकवणं हे तर सगळीकडे दिसतं आणि दोन्ही बाजूंनी वाईट आहे, सालही कापली जाते आणि दोर त्या जागी मोडतो. गाडीला अडकवताना फक्त टोइंगसाठी दिलेला पॉइंट किंवा चासी, बंपर नाही, स्टिअरिंगचे रॉड नाहीत, आणि ट्रेलर जोडायचा गोळा तर मुळीच नाही, तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

पट्टा दोन जागी अडकवून मधोमध ओढत असाल तर मधला कोन बघा. पट्ट्याच्या दोन पायांमधला (म्हणजे दोन बाजूंमधला) कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ओढीच्या साधारण ५८ टक्के, ९० ला ७१ टक्के, आणि १२० अंशाला प्रत्येक पायावर अख्खी १०० टक्के ओढ येते. म्हणजे दोन पॉइंट वापरले म्हणून भार निम्मा वाटला गेला हे तेव्हाच खरं जेव्हा पट्टा लांब आणि कोन छोटा.

हुकाच्या पोटात भार बसला पाहिजे, टोकावर नाही, आणि लॅचवर तर अजिबात नाही. पुलर मोकळा लटकून दोन अँकरच्या सरळ रेषेत आपोआप आला पाहिजे, बॉडी जमिनीला किंवा कोपऱ्याला टेकून वाकत असेल तर सोडून परत लावा. ओढायची वस्तू सुटून गडगडत जाऊ शकते का बघा आणि तसं असेल तर चाकाला ठोकळे तयार ठेवा. वरून विजेच्या तारा जात असतील तर जागाच बदला.

ताण हळू हळू घ्यायचा. दोर ढिला आहे तोवर ग्लोव्ह घातलेल्या हाताने तो ड्रमवर शेजारी शेजारी बसवून घ्या, ताण आला की हात लांब. दोर नुसता तंग झाला की थांबा, दोन्ही हुक, पट्टा, अँकर एकदा फिरून बघा, मगच पुढे. दोराच्या मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाकून ठेवा, दोर तुटला तर त्याची झेप कमी होते, थांबतेच असं नाही. तुम्ही उभं राहायचं बाजूला, दोराच्या रेषेत नाही आणि दोर दोन पायांच्या मध्ये घेऊन तर कधीच नाही. हाताच्या पुलरला माणूस जवळच लागतो, लांबून बटण दाबायची सोय नाही, म्हणून बाकीच्या बघ्यांना तरी लांब हाकला. कान पण वापरा, प्रत्येक दाताला टक असा स्वच्छ आवाज यायला हवा, आवाज दबला किंवा एखादा चुकला तर थांबून खटका बघा.

खरा मार मात्र लोक ओढताना नाही, सोडताना खातात. ओढताना दांडा सुटला तर बॉडीवरचा खटका भार धरतो, सोडताना मात्र एका दातावरून दुसऱ्यावर जाताना काही क्षण पूर्ण भार दांड्यावर, म्हणजे तुमच्या हातावर असतो, आणि हात निसटला की दांडा उलटा फिरून तोंडावर, जबड्यावर बसतो. बहुतेक पुलरमध्ये पद्धत अशी, सोडायचा छोटा लिव्हर फिरवायचा, दांडा आधी ओढायच्या दिशेने घट्ट दाबायचा म्हणजे भार दांड्यावर येतो आणि धरणारा खटका मोकळा होतो, मग दांडा दाबून धरूनच हळू मागे येऊ द्यायचा जोवर खटका पुढच्या दातात टक करून बसत नाही. एक दात झाला. मग परत. मॉडेलनुसार यात फरक असतो त्यामुळे सोबतचा कागद वाचा आणि भार नसताना आठ दहा दात सोडून हाताला सवय करा. दांडा ज्या अर्धवर्तुळात फिरतो त्याच्या आत डोकं, तोंड, कोपर काही नको, अंगठा नीट वळवून मूठ पक्की, हात तेलकट नको. घाई झाली म्हणून भार असताना दोन्ही खटके एकदम उचलायचे नाहीत, मोकळा दोर ओढून काढायची जी सोय असते ती ताण शून्य झाल्यावरच वापरायची. जमलं तर सोडायच्या आधी वस्तूला ठोकळे लावून भारच काढून घ्या, मग सोडायला काही उरतच नाही.

झाड पाडताना पुलर लावणाऱ्यांसाठी एवढंच, पुलरचा दोर झाडाच्या उंचीपेक्षा बहुतेक वेळा आखूड असतो, म्हणजे ज्या बाजूला ओढताय तिथेच तुम्ही उभे आणि झाड तुमच्यावरच. लांब दोर जोडून झाडाच्या उंचीच्या निदान दीडपट लांब जा किंवा पुली लावून ओढायची दिशा बाजूला वळवा. पण पुलीच्या अँकरवर किती भार येतो ते विसरू नका, दोर पूर्ण उलटा फिरवला तर तिथे दुप्पट ओढ येते.

काम झालं की दोर पुसून हलका ताण ठेवून गुंडाळा, ढिला गुंडाळला तर पुढच्या वेळी वरचा थर खालच्या थरात घुसून दबतो. खटक्यांच्या पिनांना पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात, घट्ट ग्रीस लावलं की त्यात माती बसते आणि खटका दातात पूर्ण उतरत नाही. दोराला पण हलकं तेल, आणि पुलर जमिनीवर न टाकता कोरड्या जागी खिळ्याला टांगून ठेवा.