फ्लॅटमधल्या पिल्लाला वळण लावताना

घोडबंदर रोडवर विसाव्या मजल्यावर असो की नेरुळच्या दोन खोल्यांत, कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिली कसोटी शी-शूची. म्हणून सुरुवात तिथूनच.

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास. जागं असताना आणि खेळताना याच्या निम्मेही नाहीत. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ थांबला की लगेच आणि रात्री झोपण्याआधी, या वेळा चुकवायच्या नाहीत. रात्री एकदा गजर लावून उठावं लागतंच. पिल्लू फरशी हुंगत गोल फिरू लागलं, की हातातलं काम टाकून उचला.

अगदी उचलूनच न्या. लिफ्टची वाट बघताना पिल्लू पायावर उभं असेल तर ते लॉबीतच शूला बसतं, आणि एकदा तिथे वास राहिला की रोज तिथेच बसतं. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेरची कुत्री जिथे शी-शू करतात त्या जमिनीवर सोडू नका, कारण पार्वो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. तोवर बाल्कनीत रुंद, उथळ ट्रे ठेवा आणि त्यात माती घालून हरळी लावा. वर्तमानपत्र स्वस्त पडतं, पण पायाखाली जे असतं त्याचीच पिल्लाला सवय लागते. पेपरवर शिकलेलं पिल्लू पुढे आजोबांनी खाली ठेवलेला पेपरही सोडत नाही, आणि मातीवर नेलं तर नुसतं उभं राहतं.

जागेवर शू केली की तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर त्याला वाटतं, दारातून आत आल्याचं बक्षीस मिळालं. घरात चूक झाली आणि तुम्ही नंतर पाहिली, तर रागावू नका. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणं यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. जागा पुसायला एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियाच्या क्लीनरचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो. पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊनही चालतं, फक्त संगमरवरावर नको, डाग पडतात.

यानंतरची गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो. लसींचं वेळापत्रक मात्र सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. म्हणजे 'सगळे डोस झाले की बाहेर काढू' म्हणाल, तर वेळ निघून गेलेली असते. पुढे सोसायटीत छत्री उघडली तरी भुंकणारा कुत्रा बऱ्याचदा असाच घडतो.

उपाय सोपा आहे. पिल्लाला कडेवर किंवा झोळीत घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभं राहा. आज तलावपाळीला संध्याकाळी, उद्या वाशीत एनएमएमटीच्या बसथांब्याजवळ, परवा भाजीवाल्यासमोर. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठीवाला वॉचमन, रेनकोट, लहान मुलं, रिक्षाचा हॉर्न. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक घास. खाऊ घेईना, शेपूट पोटाखाली गेली, सारखी जांभई देतंय किंवा ओठ चाटतंय, तर ते घाबरलंय. दहा-वीस पावलं मागे या आणि पुन्हा खायला लागेपर्यंत तिथेच थांबा. ढोल-ताशा आणि फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून जेवणाच्या वेळी ऐकवा, काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवा. गणपतीच्या आदल्या दिवशी सुरुवात करून उपयोग नाही.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. त्यावरच्या लसीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, आणि फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा.

चावणं नैसर्गिक आहे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात. हाताला दात लागला की हात झटकू नका, झटकलेला हात त्याला खेळणं वाटतो. हात सैल सोडा, उठा, पाठ फिरवून वीस-तीस सेकंद लक्ष देऊ नका. मग चावायला फ्रीजरमध्ये ठेवलेलं ओलं फडकं द्या, पण लक्ष ठेवून, गिळायला देऊ नका. संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं धावून चावत असेल, तर बहुधा त्याची झोप झालेली नाही. या वयात दिवसाला अठरा तास झोप लागते, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात ती मिळत नाही.

शब्द शिकवण्याआधी घरात एकमत करा. आई 'खाली बस' म्हणते, मुलगा 'सिट', आजी 'बस रे बाळा', अशाने पिल्लू काहीच शिकत नाही. 'बस', 'ये', 'सोड', 'थांब' हे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजला लावा. 'बस' शिकवताना डाळीएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाजवळ धरा आणि डोक्यावरून हळू मागे न्या. मान वर जाते, बूड खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. हात उंच धरलात तर ते उडी मारतं. पंधरा-वीस वेळा जमल्यावरच हाताच्या आधी शब्द म्हणा. जेवणाआधी तीन मिनिटं, दिवसातून तीनदा पुरे. खाऊ दिला तितकं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कधीच नाही. 'ये' म्हणून बोलावून अंघोळ घालू नका, ओरडूही नका. त्यासाठी स्वतः उठून त्याच्याकडे जा.

पट्टा पाच फुटांचा, छातीला बसणाऱ्या हार्नेससह. आपोआप लांबणारा पट्टा लिफ्टच्या घरात नकोच. कुत्रा बाहेर, दार बंद आणि लिफ्ट सुरू झाली तर जीव जातो. आधी पिल्लू आत, पट्टा आखूड, मग बटण. ओढायला लागलं की जागेवर थांबा, पट्टा सैल झाला की चाला. पहिले काही दिवस गेटपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये पेव्हर ब्लॉकवर तळहात सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर पंजे भाजतील. येऊरच्या जंगलाकडे पट्टा सोडू नका, तिथे बिबट्यांचा वावर आहे.

सहा-आठ महिन्यांच्या सुमारास शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं, हाक मारली तर बघूनही न बघितल्यासारखं करतं. या काळात मोकळं सोडणं थांबवा, पंधरा-वीस फुटांची लांब दोरी लावा आणि 'ये'ला पुन्हा चिकन देणं सुरू करा. महापालिकेचा परवाना अजून काढला नसेल, तर रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र घेऊन तो आता काढा.