जुना चेनसॉ उघडण्याआधी

कोपऱ्यात धूळ खात पडलेला ५८ सीसीचा चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) घरीच नीट करायचा म्हणता? मग सुट्या भागांची खरेदी सगळ्यात शेवटी. आधी सायलेन्सर उतरवा, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा आणि स्टार्टरची दोरी हळूहळू ओढत पिस्टन बघा. अंगावर उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर-पिस्टनचा किट आलाच आणि खर्चाचं गणितच बदलतं. पिस्टन गुळगुळीत असेल तरच पुढे वाचा.

हत्यारं फार लागत नाहीत. लांब दांड्याचा ४ मिमीचा एलन पाना, १३ आणि १९ चा बॉक्स पाना, बारीक पेचकस, जुना टूथब्रश, कार्ब क्लीनरचा डबा. शिवाय हातभर सुती दोरी. क्लच सोडवताना ही दोरी स्पार्क प्लगच्या भोकातून आत सरकवायची, म्हणजे पिस्टन अडून राहतो. मात्र पिस्टनने एक्झॉस्टचं भोक झाकल्यावरच ती आत घाला, नाहीतर दोरी त्या भोकात जाऊन चेमटते. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने पाना फिरवाल तर तो आणखी आवळत जाईल.

पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ लवचिक पडदा) तपासत बसू नका, सरळ नवे आणा. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर टिकत नाही आणि महिनोन् महिने पडून राहिलेल्या मशीनमध्ये डायफ्रॅम कडक झालेलाच सापडतो. ठिणगी देणारी कॉइल आणि तिच्याजवळ फिरणारं चाक, म्हणजे फ्लायव्हील, यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल आणलंत का? या मशीनना साधारण २५:१ चालतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे ४० मिली ऑइल.

नवी चेन घ्यायला जाताना जुनी सोबत न्या. बारवरचा (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीवरचा) पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर आणि गेज म्हणजे खाचेत बसणाऱ्या दातांची जाडी वाचा, चेनचे आतले दात मोजा, मगच पैसे द्या. .३२५ इंच पिचची चेन असेल तर धार लावायची कानस ४.८ मिमीची गोल.

आता 'मॉडिफिकेशन'. बहुतेकांच्या डोक्यात सायलेन्सरचं तोंड मोठं करणं असतं. करा, पण मशीन आहे तसं दोन-तीन टाक्या चालल्यावर. तोंड उघडलं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो, म्हणून कार्बोरेटरवरचा 'एच' स्क्रू (जास्त वेगाला मिळणारं पेट्रोल ठरवणारा) थोडा सोडून पुन्हा ट्यूनिंग करावं लागतं. ठिणग्या अडवणारी जाळी काढू नका, उन्हाळ्यात सुक्या गवतात काम करणाऱ्याने तर मुळीच नाही.

आणि या सगळ्याआधी चेन ब्रेक. लिव्हर पुढे ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे आणि नुसत्या आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ती फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा, तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग बघा.