राखणीच्या माळ्याची जागा बदलली, सांबर दिसू लागलं

कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या बाजूला नवं रान घेतलं. पिकं पोसवली की रात्री सांबर, भेकर उतरायचे. शिकारीचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि मला ती नकोच. राखण करता करता जनावर डोळाभर बघायचं होतं.

आधीच्या मालकाचा माळा, म्हणजे राखणीचं मचाण, वरच्या बांधावर. नजर लांब जायची, पण सकाळी फक्त खूर उमटलेले. कारण वारा. दिवसा तापलेली हवा उतार चढते, दिवस मावळला की गार होऊन ओढ्याकडे उतरते. जनावरं खालच्या झाडीतून वर यायची, त्यांना आमचा वास आधीच लागायचा.

माळा ओढ्याकाठी, त्यांच्या वाटेच्या खालच्या अंगाला हलवला. आता वास ओढ्याबरोबर खाली निघून जातो. चिमूटभर राख सोडून वारा पालटल्याची खात्री करतो, मगच खालच्या गाडीवाटेने जातो. त्यांची वाट कधीच ओलांडत नाही. माझ्या मते जागेपेक्षा हेच मोठं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो, तेव्हा हा हिशेब लागू पडत नाही.

परवा मादी पाडसासह बांधावर बराच वेळ उभी होती. मग पत्र्याचा डबा वाजवला.