डिझेल सांडलेली माती पुरू नका, परड्यातच साफ करा

गॅरेजच्या मागं परड्यात डिझेलचा कॅन लवंडला, दहा लिटर तरी गेलं असेल. पहिला सल्ला मिळाला तो म्हणजे वरनं मुरूम टाक, दिसायचं बंद होईल. दुसरा, माती उचल आणि नाल्यात टाक. दोन्ही करू नका. नाल्यात टाकलेलं आपल्या कोल्हापुरात जयंती नाल्यातनं पंचगंगेत जातंय, आणि मुरूम टाकून दाबलं तर ते तिथंच वर्षानुवर्षं बसून राहतंय, आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर विषय आणखी अवघड. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जावा, जनरेटरजवळ नाहीतर गॅरेजमागं असा एक काळा पट्टा दिसतोच, म्हणून मी केलं ते सगळं लिहून काढतोय.

आधी का पुरायचं नाही ते समजून घ्या, कारण पुढची सगळी मेहनत त्यावरच आहे. डिझेलमध्ये कार्बनच्या सरळ साखळ्या असतात, त्या मातीतले बॅक्टेरिया पटापट खातात. अवघड आहेत ते रिंगवाले, ॲरोमॅटिक. सहा कार्बनची बेंझीनची कडी, तिच्यातले काही इलेक्ट्रॉन सहाही कार्बनमध्ये मिळून वाटलेले असतात, त्यामुळं ती सहजासहजी फुटत नाही. कपाटातल्या डांबरगोळीतलं नॅप्थलीन म्हणजे अशा दोन कड्या जोडलेल्या. काजळीत आणि जळक्या, म्हणजे इंजिनमधनं काढलेल्या, ऑइलमध्ये तर चार-पाच कड्यांचे रेणू असतात, त्यातलं बेंझोपायरीन कॅन्सर करणारं आहे.

ही कडी फोडायची युक्ती मातीतल्या स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस असल्या बॅक्टेरियांकडं आहे. डायऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमनं, म्हणजे रेणूंची तोडजोड करणाऱ्या प्रथिनानं, ते हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू कडीवर बसवतात, त्यातनं पुढं कॅटेकॉल नावाचं संयुग तयार होतं, मग कडी उघडते, आणि एकदा उघडली की ते साधं खाणं झालं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणजे ऑक्सिजन इथं नुसता श्वासाला लागत नाही, हत्यार म्हणून लागतो! बिनहवेचे बॅक्टेरियाही कडी फोडतात पण फारच सावकाश, म्हणून मुरमाखाली दाबलेलं डिझेल जागचं हलत नाही. हिशोब करून बघा, दहा लिटर डिझेल म्हणजे सव्वाआठ किलो, ते पूर्ण पचवायला साधारण 28 किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळपास 100 घनमीटर हवा. एवढी हवा मातीत घालायची तर खोरं हातात घ्यायलाच पाहिजे.

बॅक्टेरिया विकत आणायची गरज शक्यतो पडत नाही. आनंद मोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा स्यूडोमोनास प्रयोगशाळेत बनवला, 1980 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्याला पेटंट द्यायला हरकत नाही असा निकाल दिला, काम मोठंच आहे ते. पण 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलाचं जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यावर खत मारून तिथल्याच बॅक्टेरियांना वाढवलं होतं. आपल्यालाही तेच करायचंय.

आता काम. पेट्रोल सांडलं असेल तर आधी लांब व्हा, बिडी-सिगारेट, वेल्डिंग सगळं बंद, वाफ उडून जाऊ दे. डिझेलची माती हातमोजे घालून, वास लागतो तिथपर्यंत खणून काढा, माझी अर्धा ब्रास निघाली. खाली जाड ताडपत्री, कडेनं विटांचा बांध, त्यावर माती फूटभर जाडीनं पसरा. ढेकळं फोडा, आपली काळी माती असेल तर हे नीट करा, ढेकळाच्या आत हवा जात नाही. त्यात चार-पाच पाट्या कुजलेलं शेणखत आणि बारीक केलेलं पाचट मिसळा म्हणजे माती पोकळ राहते.

मग खत. डिझेलमध्ये कार्बन भरपूर पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाही, ते आपण द्यायचं. कार्बन 100 भाग तर नत्र 10 आणि स्फुरद 1 असं धरतात, त्या हिशोबानं दहा लिटर डिझेलला दीड किलो युरिया आणि किलोभर सुपर फॉस्फेट, पण एकदम नाही, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं असं चार हप्त्यांत. एकदम टाकलं तर बॅक्टेरियांनाच त्रास होतो.

पाणी किती, तर माती मुठीत दाबा, लाडू झाला पाहिजे पण बोटांतनं पाणी गळता कामा नये. गळालं तर जास्त झालं, पाणी हवेची जागा घेतंय. आठवड्यातनं दोनदा खालची माती वर येईल अशी परतायची, हे टाळलं की काम थांबलंच समजा. मी पहिल्या महिन्यात पंधरा दिवस परतली नव्हती, खोरं घातलं तर खालच्या थराला कुजकट वास, परत दोन दिवस सलग उलटली तेव्हा तो गेला.

सुरुवात दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात मातीचा चिखल होतो, आणि 2019 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते आपण बघितलंय, ढीग वाहून गेला तर सगळं नदीत. पावसाआधी संपलं नाही तर उंचावर हलवून वरनं झाका.

जळक्या ऑइलचं वेगळं आहे. मोठ्या कड्यांचे रेणू पाण्यात विरघळत नाहीत, मातीला चिकटून बसतात, बॅक्टेरियाच्या पोटात जातच नाहीत. तिथं लाकूड कुजवणारी बुरशी कामाला येते, कारण लाकडातलं लिग्निन पण कड्यांचंच बनलेलं असतं आणि ही बुरशी आपली एन्झाइमं अंगाबाहेर सोडते. धिंगरी अळिंबी याच गटातली. अळिंबी पिकवणारा कुणी ओळखीचा असेल तर काढणी झालेले काडाचे बेड मागून घ्या आणि मातीत चुरा. मात्र जळक्या ऑइलमध्ये शिसं, जस्त असले धातू असतात, ते कुठलाच जीव पचवू शकत नाही. म्हणून सांडलेलं थोडं असेल तरच हा उपाय, साठवलेलं जळकं ऑइल अधिकृत रिसायकलरलाच द्या.

माती झाली का हे नुसत्या वासावर ठरवू नका. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर माती ढवळून ठेवा, पाण्यावर रंगीत तवंग येतोय का बघा. मग दोन कुंड्या घ्या, एकात ही माती, एकात चांगली, दोन्हीत मेथीचे वीस-वीस दाणे. माझ्याकडं तिसऱ्या महिन्यात ढिगाच्या मातीत सात उगवले, चांगल्या मातीत अठरा. पाचव्या महिन्यात सोळा उगवले तेव्हा ताडपत्री काढली. जागा बोअरजवळ असेल तर तेवढ्यावर न थांबता लॅबमधनं मातीतल्या एकूण हायड्रोकार्बनची, म्हणजे उरलेल्या डिझेल-ऑइलची, तपासणी करून घ्या. ती माती मी कंपाउंडकडंच्या जास्वंदीला घातली, भाजीच्या वाफ्यात घातली नाही, तुम्हीही घालू नका.