घरच्या स्विमिंग पूलसाठी लिक्विड क्लोरिन: परवडणारा कॅन कसा निवडावा

कर्जत, अलिबाग, लोणावळ्याच्या फार्महाऊसवर किंवा गोव्यातल्या व्हिलात पूल बांधताना खर्चाचा हिशोब होतो तो टाइल्सचा आणि पंपाचा. क्लोरिनचा खर्च दर महिन्याला येतो, पण तिथे मात्र केअरटेकर आणेल तो कॅन आणि सांगेल तो भाव. बाजारात ज्याला नुसतं ‘हायपो’ म्हणतात ते लिक्विड क्लोरिन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाण्यात विरघळलेलं असतं. कॅनमधलं बहुतेक पाणीच असतं. त्यामुळे लिटरचा भाव ऐकून काहीच कळत नाही, एक ग्रॅम क्लोरिन कितीला पडतं ते काढावं लागतं.

आधी आपली गरज मोजा

पूलची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 28.3 ने गुणा. आलं ते लिटरमध्ये पाणी. 30 फूट लांब, 13 फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल पूलमध्ये जवळपास 50,000 लिटर पाणी बसतं. एवढ्या पाण्यात क्लोरिन 1 पीपीएमने (लिटरमागे 1 मिलिग्रॅमने) वाढवायला 50 ग्रॅम क्लोरिन लागतं, म्हणजे 10 टक्क्यांचं अर्धा लिटर हायपो. उघड्यावरच्या पूलमध्ये ऊन आणि वापर मिळून रोज 2 पीपीएम खपतं असं धरलं, तर दिवसाला एक लिटर. 35 लिटरचा कॅन महिनाभर पुरतो. पावसाळ्यात पालापाचोळा पडायला लागला की हे गणित बिघडतं, तेव्हा रोज टेस्ट किट बघूनच मात्रा ठरवा.

भाव विचारताना तीन गोष्टी विचारा

किती टक्के, किलोने की लिटरने, आणि कधी भरलेला.

व्यापारी हायपो साधारण 10 ते 12 टक्क्यांचं असतं. किराणा दुकानातलं घरगुती ब्लीच बहुधा 4 ते 6 टक्क्यांचं, आणि वासाचं किंवा फेसाचं असेल तर पूलमध्ये घालायचंच नाही. किलो-लिटरचा घोळ बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक लिटर हायपो साधारण 1.15 ते 1.2 किलो भरतं, त्यामुळे ‘15 रुपये’ हा भाव किलोचा असेल तर लिटरला 17-18 रुपये पडतात. दोन दुकानांची तुलना करण्याआधी दोन्ही भाव लिटरमध्ये आणा.

आता समजा, एकाने 16 रुपये लिटर सांगितलं आणि माल खरोखर 10 टक्क्यांचा आहे. लिटरमध्ये 100 ग्रॅम क्लोरिन, म्हणजे ग्रॅमला 16 पैसे. दुसरा 12 रुपयांत देतो, पण त्याच्या कॅनमध्ये 6 टक्केच उरलेत. लिटरमध्ये 60 ग्रॅम, ग्रॅमला 20 पैसे. स्वस्त म्हणून आणलेला कॅन 25 टक्क्यांनी महाग पडला, वर वाहतूक पाण्याचीच झाली. कॅनचं डिपॉझिट आणि टेम्पोचं भाडंही याच हिशोबात धरा. मुंबईतल्या मस्जिद बंदरच्या ठोक भावाला मोहून एकच कॅन कर्जतला न्यायचा असेल, तर जवळच्या शहरातला दुकानदार बहुधा परवडतो.

माल घरी तपासा

दुधातलं पाणी जिभेला कळतं, हायपोतलं कळत नाही. वासावर जाऊ नका, उतरलेल्या, म्हणजे जोर कमी झालेल्या मालालाही उग्र वास असतोच. घनता मोजूनही खात्री होत नाही, कारण त्यातलं मीठ आणि कॉस्टिक सोडाही द्रावण जड करतात. त्याऐवजी डीपीडी टेस्ट किट (क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणारं), औषधाच्या दुकानातली सिरिंज आणि क्लोरिन नसलेलं पाणी (आरओचं चालेल) एवढं जमवा.

10 मिली हायपो घेऊन त्यात पाणी घालून बरोबर एक लिटर करा आणि नीट ढवळा. या द्रावणातलं 2 मिली घेऊन पुन्हा पाण्याने एक लिटर करा. या दुसऱ्या द्रावणाची क्लोरिन टेस्ट करा आणि आकड्याला 5 ने गुणा. किटवर 2 पीपीएम आलं तर माल 10 टक्क्यांचा, 1 आलं तर 5 टक्क्यांचा. रंग जुळवण्यात थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे 10 आणि 11 वरून दुकानदाराशी भांडू नका. पण 10 सांगून 6 दिलेलं असेल तर लपत नाही. नव्या दुकानातला पहिला कॅन तरी असा तपासाच. गुलाबी रंग येऊन लगेच उडाला, तर द्रावण फार कडक झालंय, माप पुन्हा घ्या.

रंगही बघून घ्या. चांगलं हायपो स्वच्छ, फिकट हिरवट-पिवळं दिसतं. तपकिरी झाक किंवा तळाशी गाळ असेल तर त्यात लोह असण्याची शक्यता आहे, आणि लोह, तांबं, निकेल यांच्या अंशानेही हायपो लवकर मरतं.

साठा महिन्याचाच करा

पाच कॅन एकदम घेतले तर सूट मिळते, पण मे महिन्यात पत्र्याच्या पंपरूममध्ये ठेवले तर ती सूट हवेत जाते. तापमान 10 अंशांनी वाढलं की हायपो उतरण्याचा वेग तिप्पट-चौपट होतो. जास्त टक्क्यांचं द्रावण तर आणखी लवकर उतरतं, त्यामुळे उन्हाळ्यात 12 टक्क्यांसाठी फार जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. कॅन सावलीत, हवेशीर जागी, उभा ठेवा. आतून वायू सुटतो, म्हणून वायू निसटू देणारं झाकण हवं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बादली वापरू नका.

गोळ्या स्वस्त पडतील का?

ट्रायक्लोरच्या (टीसीसीए) गोळ्यांत 90 टक्के क्लोरिन असतं, तेव्हा किलोच्या भावाला 900 ने भागून ग्रॅमचा भाव काढा. टिकाऊ आहेत, शनिवार-रविवारीच जाणाऱ्यांना सोयीच्या आहेत. पण प्रत्येक 10 पीपीएम क्लोरिनमागे त्या 6 पीपीएम सायन्युरिक ॲसिड सोडतात. हे क्लोरिनला उन्हापासून वाचवतं, पण जास्त झालं की त्याचा जोर दाबतं. रोज 2 पीपीएमच्या हिशोबाने महिन्याला 36. हे फारसं उडत नाही, बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट धुताना) जाईल तेवढंच कमी होतं. तीन महिन्यांत शंभराच्या आसपास पोचलं की क्लोरिन असूनही शेवाळ धरतं आणि पूल अर्धा रिकामा करावा लागतो. ऐन उन्हाळ्यात तो पुन्हा भरायला लागणारे टँकर गोळ्यांच्या हिशोबात धरा.

कॅल्शियम हायपो आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात कॅल्शियम वाढवतात, त्यामुळे आधीच जड असलेल्या बोअरच्या पाण्यात टाइल्सवर पांढरा थर चढतो. लिक्विड क्लोरिनमध्ये वाढतं ते थोडं मीठ.

मात्र सायन्युरिक ॲसिड अजिबात नसेल तर भर उन्हात काही तासांत बहुतेक क्लोरिन उडतं. 30 पीपीएमसाठी 50,000 लिटरला दीड किलो एकदा घाला, आणि हायपो संध्याकाळी, पंप चालू ठेवून. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये असू द्या.

हाताळणी

हायपो आणि ॲसिड यांची कधीही गाठ पडू देऊ नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो. दोन्हींसाठी मग वेगळे, जागाही वेगळी. गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये (गोळ्या ठेवून पाण्यावर तरंगवायच्या डब्यात) हायपो ओतू नका. हातमोजे आणि गॉगल केअरटेकरलाही घेऊन द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय घरात मुलं असतील तर जिवावर बेतू शकते. रिकामा कॅन पूलच्याच पाण्याने विसळून ते पाणी पूलमध्ये ओता आणि कॅन दुकानात परत करून डिपॉझिट घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी तो कुणाला देऊ नका.