टर्बोत ऑइल जळून कोक होत होतं: पाण्याची लाइन जोडून केलेला इलाज

लक्षण असं: गाडी जोरात पळवून इंजिन लगेच बंद केलं की पुढच्या स्टार्टला निळा धूर. ऑइल-इनलेटचा बँजो बोल्ट (ऑइलची लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) उघडला तर आत काळा, कडक थर, म्हणजेच कोक. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) फक्त ऑइलवर थंड होणारा. इंजिन थांबलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइन हाउसिंगची (गरम एक्झॉस्ट जातो त्या भागाची) उष्णता बेअरिंगकडे येतच राहते आणि तिथलं ऑइल भाजतं. नुसते सील बदलून काही होत नाही.

म्हणून वॉटर जॅकेट (बेअरिंगभोवती पाणी फिरण्याची पोकळी) असलेला टर्बो बसवला. पाण्याची एक लाइन खालच्या पोर्टला, दुसरी विरुद्ध बाजूच्या वरच्या पोर्टला. सेंटर हाउसिंग (बेअरिंग असलेला मधला भाग) अक्षाभोवती साधारण २० अंश फिरवलं, म्हणजे बाहेर जाणारं पोर्ट उंच राहतं आणि पंप थांबल्यावरही गरम पाणी आपोआप वर सरकतं. परतीच्या लाइनला मध्येच उंचवटा आला तर हवा अडकते आणि सगळी मेहनत वाया.

वॉटर-कूल्ड टर्बोलाही ऑइल लागतंच. पाणी उष्णता नेतं, वंगण ऑइलच करतं. ड्रेन पाइप (टर्बोतून ऑइल परत नेणारा) आतून टर्बोच्या ड्रेन भोकापेक्षा अरुंद नको, शक्य तितका सरळ खाली, सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला. धुराचं कारण बऱ्याचदा सील नसून तुंबलेला ड्रेनच असतो. रिस्ट्रिक्टर (ऑइलचा प्रवाह कमी करणारं बारीक भोक) बॉल बेअरिंगच्या टर्बोला, साधारण ०.९ मिमी, जर्नल (साध्या, बॉल नसलेल्या) बेअरिंगला सहसा नको. बँजोचे वॉशर नवे, सिलिकॉन अजिबात नको. पहिल्या स्टार्टआधी इग्निशन आणि इंधन तोडून, ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा (स्टार्टरने इंजिन फिरवा).